लोकांचं सोडा, करार विचारा!

"बोटीवर जाऊन धुणीभांडी करणार? त्यासाठी शिकवलं का तुला?" सुपरयॉटवर नोकरी करायची म्हणणाऱ्या मुलीला घरात हेच ऐकावं लागतं. आता खरं सांगू? फ्रान्समधल्या आंतिब किंवा स्पेनमधल्या पाल्मा बंदरातल्या या आलिशान बोटींवर नवख्या मुलीच्या वाट्याला बहुधा केबिन आवरणं, कपडे, इस्त्री हीच कामं येतात. पण त्याआधी आग विझवणं, समुद्रात जीव वाचवणं, प्रथमोपचार याचं एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि घरात आपण फुकट करतो त्याच कामाला तिथे पगार आहे!

काळजी करायचीच तर दलालांची करा. भारताने २०१५ साली मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. प्रशिक्षणाचा खर्च आपला, दलाली नाही. "टुरिस्ट व्हिसावर जा, काम मिळेल," म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

आयांनो, लोक काय म्हणतील ते राहू द्या. लेखी करार आहे का? चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती आहे का? परतीचं तिकीट कोण काढणार? एवढं विचारा आणि मग लेकीची बॅग भरायला बसा.