घर तेच, राज्य बदललं



दिवाळीत गुंजीला गेलो होतो. माउलीच्या देवळातून परतताना भाचीने माझ्या आजीला विचारलं, "पणजी, तुझा जन्म कुठल्या राज्यातला?"

"मुंबई इलाख्यातला गे. घर हेच, चूल हीच. राज्य तेवढं बदललं."

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. संसदेला हा अधिकार घटनेच्या कलम ३ ने दिला आहे. राष्ट्रपतींची शिफारस लागते, विधेयक संबंधित विधानसभेकडे मतासाठी जातं. पण ते मत बंधनकारक नाही आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगणा झालाच.

मग मर्यादा काहीच नाही? आहे. बेरुबारी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की देशाचा भाग परक्या देशाला द्यायचा तर कलम ३ चालणार नाही, घटनादुरुस्तीच हवी. आपल्या सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली त्याच न्यायालयात दावा लावला आहे.

"पण मामा, गावाला कोण विचारतं?" भाचीचा प्रश्न.

खरं सांगायचं तर कलम ३ मध्ये गावाला विचारण्याची तरतूदच नाही. आपल्या हाती फक्त लोकसभेचं मत. पुढच्या निवडणुकीत भाची पहिल्यांदा मतदान करेल. उमेदवाराला हाच प्रश्न विचार, एवढंच मी तिला सांगितलं.