कोळशावरचा कर भरला कोणी, गेला कुठे?



धूर करील त्याने दाम मोजावा, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून ज्यांची पऱ्हाटी आहे, त्यांना ते समजावून सांगायची गरजही नाही. पानावर धुळीचा थर बसला की पानाला ऊन कमी मिळते. बोंड फुटले की तीच धूळ कापसात शिरते, आणि व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन क्विंटलमागे भाव पाडतो. धुळीच्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही. हा तोटा कोळशाच्या किमतीत कुठेच धरलेला नसतो, तो आपल्या पदरात पडतो. तेव्हा कोळशावर कर बसला तर आपण विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पैशाचा.

हिशेब मांडू. केंद्र सरकारने 2010 साली कोळशावर टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. 2014 ला तो 100 झाला, 2015 ला 200, 2016 ला 400. एक युनिट विजेला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे युनिटमागे 28 पैसे. हे पैसे वीज केंद्राने आपल्या खिशातून दिले नाहीत. ते घरच्या बिलात आले, दळणात आले, जिनिंगच्या खर्चात आले. आणि जिनिंगवाला आपला खर्च कोणाच्या भावातून काढतो हे तुम्ही जाणता. 'पंपाचे बिल सरकार भरते, आपल्याला काय त्याचे,' असे म्हणणाऱ्या कोरडवाहूवाल्याने आधी आपल्याकडे पंप आहे का ते पाहावे!

2017-18 पर्यंत या उपकराचे सुमारे 86,400 कोटी रुपये जमले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले 29,600 कोटींच्या आसपास. प्रत्यक्ष कामाला लागले 16,000 कोटींहून कमी. बाकी रक्कम सरकारी तिजोरीत जिरली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर रद्द झाला, पण टनाचे 400 रुपये सुटले नाहीत. त्यांचे नाव 'भरपाई उपकर' झाले. भरपाई धूळ खाणाऱ्याला नव्हे, राज्यांच्या बुडालेल्या महसुलाला.

सप्टेंबर 2025 मध्ये तोही काढला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के केला. समजा कोळसा टनाला 1500 रुपये आहे. आधी कर होता 75 अधिक 400, म्हणजे 475 रुपये. आता 270. वीज त्यामुळे स्वस्त होत असेल तर आनंदच आहे. पण आता कर किमतीवर आहे. जास्त राखेचा हलका कोळसा स्वस्त असतो, म्हणून त्यालाच कर कमी पडतो. प्रदूषणाचा कर म्हणून जे सुरू झाले, ते असे उलटे होऊन बसले.

कर बसवायचा तर तो धुरावर आणि राखेवर बसवा, म्हणजे यंत्र सुधारणाऱ्याचा फायदा होईल. आणि पैसा जिथे धूळ पडते त्या गावात आणा. वाट नाही असे नाही. 2015 च्या दुरुस्तीने खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने झाली, खाणवाल्यांचा पैसा तिथे येतो, आणि पाणी व प्रदूषण यांवर आधी खर्च करायचा असा नियमच आहे. त्या पैशातून रस्त्यावर पाणी किती मारले आणि इमारती किती बांधल्या, हे आपल्या ग्रामसभेने विचारले आहे का?

जिल्हा बैठकीला येताना काळ्या पडलेल्या कापसाच्या हिशेबपट्ट्या सोबत आणाव्यात. त्याच दिवशी स्वच्छ कापसाला मिळालेला भावही लिहून आणावा. क्विंटलमागे किती फरक पडला, तो आकडा घेऊनच आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.