भांडण बल्बशी आहे, खलाशाशी नाही



एलईडीच्या बोटींवरून सध्या आपल्या ग्रुपवर बरेच मेसेज फिरतात. राग खोटा नाही. रात्री जनरेटर लावून दिवे सोडले की मोठ्या मासळीबरोबर पिल्लेसुद्धा उजेडाला जमतात आणि एकदमच जाळ्यात जातात. मग पहाटे जाणाऱ्या होडीवाल्याला उरणार काय? पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत. केंद्र सरकारने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने एलईडी आणि बुल ट्रॉलिंग, दोन्हींवर बंदी घातली आहे. कायदा आपल्या बाजूने आहे.

पण "जेटीवर दिसला की बडवा", "परप्रांतीयांना हाकला" असले मेसेजही त्यात आहेत. हे मला अजिबात पटत नाही.

बोटीवरचा खलाशी ओडिशाचा, झारखंडचा नाहीतर कर्नाटकचा. बल्ब लावायचा की नाही हे तो ठरवत नाही. तो घर सोडून पोटासाठी आलाय. त्याला मारून एकही बल्ब विझणार नाही. उलट केस आपल्याच पोरांवर होईल आणि पेपरात बातमी मारामारीची येईल, एलईडीची नाही.

जुन्या लोकांना विचारा. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे शिक्षक त्यांच्याबरोबर उभे राहिले. मोर्चे झाले, उपोषणे झाली. समुद्रात झटापटीही झाल्या. पण आज आपल्या हातात काय आहे? 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरची हद्द आपण आजही त्याच्याच जोरावर मागतो. एकजुटीने लावून धरलेली मागणी टिकली, झटापटीतून हाती काही लागले नाही.

मग आता करायचे काय?

एक, उजेड दिसला तर पाठलाग करू नका. रात्रीच्या समुद्रात जीव जाईल. तारीख, वेळ, मोबाईलवरचे जीपीएस आणि दिसला तर बोटीचा नंबर लिहून घ्या. लांबून फोटो काढा.

दोन, तक्रार लेखी करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. कारवाई झाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावेच लागते. नुसत्या फोनचा पुरावा राहत नाही.

तीन, खात्री नसताना कुणाच्या बोटीचे नाव ग्रुपवर टाकू नका. खोट्या एका नावाने खऱ्या दहा तक्रारी वाया जातात.

आता बोटमालकांना दोन शब्द. तुमच्यावरही कर्ज आहे, डिझेल महाग आहे, शेजारी लावतो म्हणून तुम्ही लावता, हे आम्हांला कळते. पण आज पिल्ले संपवली तर उद्या तुमच्याही जाळ्यात काय येणार? सामान उतरवायची ज्याची तयारी आहे त्याला सोसायटीत कुणी टोमणा मारणार नाही, हे आपण सगळ्यांनी सभेत ठरवूया. माणसाला परत यायला वाट ठेवली नाही तर तो अडून बसतो.

रापण ओढताना दोन्ही दोऱ्या सारख्याच ओढाव्या लागतात. एका बाजूने हिसका दिला तर मासळी निसटते. येत्या सभेला ट्रॉलरवाले आणि होडीवाले, दोघेही या. बायकांनीही यावे. बाजारात मासळी किती कमी झाली ते त्यांच्याइतके कुणाला माहीत?

आपला,
सचिव