भरती पाहून सहल

लहान मुलांना घेऊन कोकणातल्या समुद्रावर दोन दिवस जायचे, तर खोली ठरवण्याआधी तिथी पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी; आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या आसपास, भांगात, हा चढउतार कमी असतो, म्हणून मुलांसाठी तेच दिवस बरे. पावसाळा मात्र पूर्ण टाळावा, तिथी कोणतीही असो. जागाही जपून निवडावी. दापोलीजवळच्या कर्दे-मुरूडला सपाट, रुंद पुळण आहे. हरिहरेश्वरचे खडक कितीही देखणे असले तरी धावत्या पोरांसाठी नव्हेत. वाळूतला खेळ सकाळी आणि ऊन कलल्यावर. मधला वेळ जेवणाचा नि झोपेचा. पाणी ओसरताना पायाखालची वाळू सरकते. तेव्हा घोटाभर पाण्यातही मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात असावा.