पडद्यावरचा तास

मार्च २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली आणि वर्गातले पाऊण तासाचे व्याख्यान अनेक ठिकाणी जसेच्या तसे मोबाइलवर गेले. आजही पुष्कळ ऑनलाइन धडे त्याच साच्याचे असतात. वर्गात मुलांचे चेहरे पाहून शिक्षक थांबतो, पुन्हा सांगतो. पडद्यापलीकडचा चेहरा दिसत नाही. म्हणून थांबायच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात.

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'एडएक्स'चे व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्म्या वेळी विद्यार्थी ६ मिनिटांच्या आत थांबले होते. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो.

म्हणून उपमा अलंकार शिकवताना मी आधी एक प्रश्न पाठवते. मग पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण. त्यानंतर मुलांनी घरच्या बोलण्यातली एक उपमा शोधून वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला दोन ओळींचा अभिप्राय.

खानापूरकडच्या खेड्यांतल्या काही मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडील कामावरून परतल्यावर हाती येतो. ठरलेल्या वेळेचा थेट तास त्यांना गाठता येत नाही. ध्वनिमुद्रण मात्र थोड्या डेटात उतरते, रात्रीही ऐकता येते.

पालकहो, मूल पडद्यापुढे किती वेळ बसले, हे आपण नेहमी विचारतो. आज त्याने स्वतः काय लिहिले, हेही एकदा विचारून पाहा.