वर्षभर बाहेर जायचं, पण कुठे?

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांमध्ये 'परदेश' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. 'बाहेर' म्हणतात. अब्बा बाहेर आहेत, मामू बाहेरून आले, पोरगा बाहेर जायच्या खटपटीत आहे. बाहेर म्हणजे कुवेत, दुबई, दोहा, मस्कत. त्याआधीच्या पिढ्यांसाठी बाहेर म्हणजे जहाज, पूर्व आफ्रिका, केपटाउन. बाहेर जायचं ते कमवायला. त्याखेरीज हज आणि उमरा. तिसरं कारण आमच्या शब्दकोशात नाही.

त्यामुळे पदवी आणि नोकरी यांच्या मधलं एक वर्ष दुसऱ्या देशात राहायचं, तेही कमवायला नव्हे तर शिकायला, बघायला, असं कुणी म्हणालं की घरात आधी शांतता पसरते आणि मग हिशेब सुरू होतो. इंग्रजीत त्याला गॅप इयर म्हणतात. आपल्याकडे गॅप नापास झालेल्याला पडते आणि मग कॉलेजात गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं. शब्दच बदनाम आहे.

माझ्या बहिणीची मुलगी तेवीस वर्षांची आहे. बीएससी झाली, दोन वर्षं क्लासमध्ये शिकवून आणि शिकवण्या घेऊन तिने दोन लाख ऐंशी हजार रुपये साठवले. पुढे बीएड करणार आहे. त्याआधी एक वर्ष तिला बाहेर राहायचं आहे. कुवेतमधले तिचे चाचा म्हणतात, इकडे ये, शाळेत लावून देतो. दादी म्हणते, त्या पैशात सोनं घे. आणि ती मला विचारते, "खाला, तुम्हीच सांगा, कुठे जाऊ?" तिला दिलेलं उत्तर इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत इतर विद्यार्थ्यांनीही विचारला आहे. बहुतेकांच्या खिशात याच्या आसपासच रक्कम असते.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव लंडनचं. ब्रिटनने २०२३ पासून भारतीय तरुणांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना सुरू केली आहे. वय १८ ते ३०, पदवी, वर्षाला तीन हजार जागा, चिठ्ठी टाकून निवड, दोन वर्षं राहायची आणि काम करायची मुभा. ऐकायला छान. पण खात्यावर २,५३० पौंड दाखवावे लागतात, म्हणजे माझ्या भाचीची जवळजवळ सगळी पुंजी. शिवाय दोन वर्षांचा आरोग्य अधिभार आणि व्हिसाची फी मिळून दोन लाखांच्या आसपास जातात, ते वेगळेच. विमानाचं तिकीट अजून काढलेलंच नाही आणि नोकरी तिकडे गेल्यावर शोधायची! ज्याच्या हाताला कसब आहे, ज्याचं तिथे कुणी आहे, त्याने जरूर चिठ्ठी टाकावी. पण ही कमाईची वाट आहे. ऑस्ट्रेलियाचंही तेच. तिथली योजना आपल्यासाठी २०२४ मध्ये उघडली, जागा एक हजार, पुन्हा चिठ्ठी. जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष असतं. वृद्धाश्रमात, रुग्णालयात काम, हातखर्चाला पैसे, बऱ्याचदा राहायची सोय. स्वस्त पर्यायांत तो मला प्रामाणिक वाटतो. मात्र त्यासाठी आधी जर्मन शिकावं लागतं, आणि त्यात आणखी एक वर्ष जातं.

दुसरं नाव इस्तंबूल. याचं श्रेय तुर्की मालिकांना. आमच्या घराघरांत एर्तुग्रुल जेवायला बसतो. मालिकेत भाडं भरताना कुणी दिसत नाही, हे मुलांच्या लक्षात येत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली महागाई सरकारी आकड्यांनुसारच ८५ टक्क्यांवर गेली होती. तिथे वर्षभराचा अंदाज बांधणं म्हणजे वाळूवर रेघा ओढणं.

तिसरं नाव कैरो, आणि ते मनापासून अरबी शिकू पाहणाऱ्यांचं. मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पौंड बाजारावर सोडल्यापासून बाहेरच्यांना तिथला खर्च कमी पडतो, हे खरं. पण भाषाशिक्षिका म्हणून एक सांगते. वर्गात शिकाल ती फुसहा, पुस्तकी अरबी. भाजीवाला, रिक्षावाला आणि घरमालकीण बोलतील ती मिसरी बोली. दोन्ही शिकायची तयारी असेल आणि पुढे अरबीच करायची असेल, तर कैरोसारखं ठिकाण नाही. एरवी वर्ष दोन भाषांच्या मधेच लोंबकळत राहतं.

आता माझं मत. मी तिला जाव्यातल्या योग्यकर्ताचं नाव सांगितलं. तिकडचे लोक लाडाने जोग्जा म्हणतात.

बालीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, जोग्जाचं नसतं, आणि हाच पहिला फायदा. बाली पर्यटकांच्या दराने चालतं, जोग्जा विद्यार्थ्यांच्या. शेकडो कॉलेजं असलेल्या आपल्या पुण्यासारखंच ते विद्यार्थ्यांचं गाव आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेलं गाजा मादा विद्यापीठ तिथेच आहे. विद्यार्थ्यांच्या खोल्यांना 'कोस' म्हणतात. मुलींचे कोस वेगळे असतात, दाराशी मालकीणबाई असते आणि रात्री फाटक बंद होतं. दादीला ही एक गोष्ट सांगितली आणि तिचा अर्धा विरोध मावळला. एका भारतीय रुपयाला पावणेदोनशे ते दोनशे इंडोनेशियन रुपिया येतात. साधी खोली पाच-सात हजार रुपयांत, टपरीवजा 'वारुंग'मधलं जेवण शंभराच्या आतबाहेर, हलालची चौकशी करत फिरायला नको. महिन्याला वीस हजार धरा. माझा आग्रह एवढाच की वर्षाचा हट्ट धरू नकोस, सहा महिने राहा. मग एक लाख वीस हजार राहण्या-जेवण्याचे, चाळीसएक हजार विमानाचे, ऐंशी हजारांपर्यंत भाषेचा वर्ग, व्हिसा आणि विमा, आणि चाळीस हजार हात न लावता ठेवायचे; कधीही उठून घरी येता यावं म्हणून. सहा देशांत प्रत्येकी दोन महिने घालवणाऱ्याकडे शेवटी फोटो उरतात. एका गावात सहा महिने राहणाऱ्याला निदान शेजारीण तरी मिळते.

आणि भाषा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, मला माफ करा. 'माफ' हा शब्द इंडोनेशियनमध्येही माफच आहे. खुर्चीला 'कुर्सी', पुस्तकाला 'किताब' (धार्मिक पुस्तक, साध्याला 'बुकू'), शब्दकोशाला 'कामुस', जगाला 'दुनिया', प्रश्नाला 'सोआल', उत्तराला 'जवाब', वयाला 'उमुर', हजर असण्याला 'हादिर'. हे झाले अरबी वाटेने आलेले. आता संस्कृतातून आलेले बघा. भाषेला 'बहासा', नावाला 'नामा', नवऱ्याला 'सुआमी', बायकोला 'इस्त्री', शिक्षकाला 'गुरू', माणसाला 'मानुसिया', बाईला 'वानिता'. लिपी रोमन, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत, अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा म्हणायचा. मूल 'आनाक', मुलं 'आनाक-आनाक'. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलाला ही भाषा शिकताना सतत ओळखीची माणसं भेटत राहतात. सहा महिन्यांत बाजारहाट, गप्पा, वर्तमानपत्राचे मथळे एवढं सहज जमतं. आपल्या मुलांना उर्दू आणि मराठी यांतली एक आपली आणि एक परकी, असं दोन्ही बाजूंनी ऐकवलं जातं. तिथे एकाच वाक्यात 'किताब' आणि 'गुरू' बसतात आणि कुणी चमकून बघत नाही. हे माझ्या भाचीने कानांनी ऐकावं, असं मला वाटतं.

तसंच डोळ्यांनी पाहावं असंही बरंच आहे. शहराच्या कडेला प्रंबाननची नवव्या शतकातली हिंदू मंदिरं, चाळीसएक किलोमीटरवर बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप. प्रंबाननच्या अंगणात १९६१ पासून रामायणाचं नृत्यनाट्य होतं, त्यात नाचणारे बहुतेक मुसलमान. चामड्याच्या बाहुल्यांतून रात्रभर महाभारत सांगणारे 'दालांग' बहुतेक मुसलमान. याच गावात १९१२ मध्ये मुहम्मदिया ही सुधारणावादी संघटना निघाली आणि १९१७ मध्ये तिची बायकांची शाखा, आयशिया. बालवाड्या, शाळा, दवाखाने, सगळं बायका चालवतात. बीएडला जाणाऱ्या मुलीने हे पाहून यावं, याहून चांगली पूर्वतयारी कुठली? तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. धार्मिक ताण तिथेही आहेत, भूकंप आहेत (२००६ चा मोठा होता), आणि डोक्यावर मेरापी ज्वालामुखी आहे, जो २०१० मध्ये भयंकर फुटला होता. विमा काढायचा तो यासाठी.

पैसे आणखी कमी असतील तर इंडोनेशिया सरकारची 'दार्मासिस्वा' ही शिष्यवृत्ती बघावी. १९७४ पासूनची आहे. पदवी मिळत नाही. भाषा, संगीत, नृत्य, हस्तकला शिकायला मिळते, फी माफ आणि महिन्याला निर्वाहभत्ता, विमानाचं तिकीट मात्र आपलं. मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे, जाहिरात निघाली का हे तिथे विचारावं. त्यासाठी कुणा एजंटाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

एजंटावरून आठवलं. 'राहणं-खाणं फुकट, बदल्यात दिवसाचे चार तास काम' अशा जाहिराती मुलं मला दाखवतात. पर्यटक व्हिसावर काम करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि फुकटचं काम हेही बऱ्याच ठिकाणी कामच धरतात. इंडोनेशियात विमानतळावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा असतो, एकदा वाढवता येतो. त्यावर शाळेत शिकवायला उभं राहिलं तर परत पाठवतात. वर्गाला जायचं तर संस्थेमार्फत रीतसर व्हिसा काढायचा. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री'ची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या सीमेवर कोंडलेली पोरं आपल्या राज्यातलीही होती. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. कमाईचं आमिष आलं की परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाची नोंद आहे का, ते आधी बघा.

मुलगी एकटी कशी जाणार, हा प्रश्न आला आणि येणारच होता. मेहरमचा मुद्दा मी टाळत नाही. उलेमांमध्ये यावर एकमत नाही. वाट सुरक्षित असेल आणि सोबत विश्वासू असेल तर परवानगी देणारेही आहेत. २०१८ पासून आपल्याच देशातून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका गटाने मेहरमशिवाय हजला जातात, आणि आमच्या मोहल्ल्यातून गेलेल्यांना निरोप द्यायला सगळे स्टेशनवर होते. तेवीस आणि पंचेचाळीस यांत फरक आहे, मान्य. म्हणून तर मी फाटक बंद होणारा कोस शोधायला सांगितला, आणि वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीबरोबर जाणं जमलं तर उत्तमच.

मुलांच्या बापांची भीती वेगळी असते, आणि ती कुजबुजत सांगितली जाते. 'उद्या नोकरीच्या मुलाखतीत विचारतील, मुसलमान पोरगा सहा महिने तिकडे काय करत होता?' ही भीती हवेतली नाही. पण तिचं उत्तर घरी बसणं हे नव्हे. विद्यापीठाचं प्रमाणपत्र, हजेरीचा कागद, खोलीच्या भाड्याच्या पावत्या, सगळं एका फाइलमध्ये ठेवायचं. भटकंतीपेक्षा विद्यापीठाच्या वर्गाला मी झुकतं माप देते ते याचसाठी. इब्न बतूता १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी टँजियरहून निघाला तेव्हा त्याला फाइल लागली नाही. आपल्या पोरांना लागते.

भाचीचं सध्या एकच काम चाललं आहे. शाळेच्या दाखल्यावर तिचं आडनाव मुल्ला, आधारवर मुल्लाजी, आणि पदवीच्या कागदावर आडनावच नाही, बापाचं नाव शेवटी. पासपोर्टच्या अर्जाआधी हे तिन्ही एक व्हायला हवेत. मागच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रातल्या जाहिरातीचा अर्ज भरला. दादीने त्याची फी दिली.