शेतगाडी घेतांना प्रथम काय पाहावें?

चार फुगीर चाकांची, घोड्याप्रमाणें मांड ठोकून चालवावयाची ‘क्वाड बाइक’ अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें शिकारीस आणि शेतकामास सर्रास वापरतात. घेणारा बहुधा इंजिनाची शक्ति प्रथम विचारतो. आमच्या मतें पहिला प्रश्न तोलाचा असावा. चाकें जवळ व भार उंच असल्यानें ही गाडी आडउतारावर उलटते आणि स्वार तिच्याखालीं चिरडतो. अमेरिकेंत तीन चाकी गाड्यांची नवी विक्री १९८८ सालीं अपघातांमुळेंच थांबली.

ऑस्ट्रेलियानें ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतीच्या नव्या गाड्यांस स्वाररक्षक चौकट सक्तीची केली; शिवाय २८.८१ अंशांहून कमी आडउतारावर गाडी दोन चाकांवर कलतां कामा नये, असें ठरविलें. चौकटीनेंच इजा होईल असा कारखानदारांचा आक्षेप होता. होंडा व यामाहा यांनीं तेथील ही विक्री सोडली. आम्हांस सरकारचा निर्णय रास्त वाटतो.

आपल्याकडे वन्य प्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. प्रश्न शेतकामापुरताच उरतो. तरी बांधावर व उतारावर चालणारें कोणतेंही यंत्र घेतांना शेतकरी बंधूंनीं आधी तोल व चौकट, मग ब्रेक व जवळ मिळणारे सुटे भाग आणि शेवटीं शक्ति पाहावी.